राखाडी आलं का?

दादाच्या आणि माझ्या चेहऱ्यात फारसे साम्य नव्हते. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि रंगाने उजळ. आवाज मात्र दोघांचा एकच होता. दादा गेल्यानंतर मी त्याच्या घरी असताना एकदा फोन वाजला. मी उचलून "हॅलो" म्हणालो, तर पलीकडे पुतणी होती. हलकेच म्हणाली, "काका, तुम्ही नका ना उचलत जाऊ हा फोन."

निवृत्तीनंतर दादाने मागच्या अंगणात कोंबड्यांचा एक रंग जोपासला होता. राखाडी, पण नुसता राखाडी नव्हे. विझलेल्या निखाऱ्यावर दिसते तशी निळसर झाक असलेला. हा रंग मोठा अवघड. आई आणि बाप अशा दोघांकडून मिळाला तरच तो पिसांवर उतरतो. एकाकडूनच मिळाला तर पक्षी काळाभोर निपजतो आणि रंग त्याच्या आत दडून राहतो. काळ्या पिलांमागून काळी पिले निघू लागली की वहिनी टोमणा मारत, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" दादा म्हणे, "आडात आहे गं. पोहरा अजून खाली सोडायचाय."

पोहरा तळाला पोहोचला, राखाडी पक्षी निपजले, अंगणात मिरवले, आणि एका साथीत सगळे गेले. पुढच्याच हिवाळ्यात दादाही गेला. मागे उरल्या त्या राखाडी आणि काळ्या अशा मिश्र जोड्यांच्या पोटच्या दोन काळ्या कोंबड्या आणि एक काळा कोंबडा. त्याला आम्ही हवालदार म्हणत असू. हवालदारही आता थकला होता; दाणा टिपायला वाकला की पुढे कलंडे.

पुतणीने आईला आपल्याकडे बोलावले. वहिनींनी तिला माझ्यादेखत सांगितले, "एक राखाडी निघू दे, मग येते. त्यांचं अर्धं राहिलंय, ते पुरं होऊ दे."

"आणि नाहीच निघालं तर?"

"तर नाही येत."

"आई, कोंबडीसाठी अडून बसतेस?"

"अंड्यावर बसलेली कोंबडी उठवू नये, बाई," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

कोंबड्यांनी घातलेली अखेरची सात अंडी आम्ही पेटीत ठेवली. ही उबवणीची पेटी मी जुन्या रेफ्रिजरेटरच्या सांगाड्यातून दादासाठी बनवली होती. माझे आयुष्य मापनयंत्रे तपासण्यात गेले. पेटीतील उष्णता आणि ओलावा यांची हमी मी देऊ शकत होतो. चार पिलांत सरासरी एक राखाडी, हे गणितही मला ठाऊक होते. मला हवे होते ते एवढेच, की एक राखाडी निघावे, वहिनींनी लेकीकडे जावे आणि त्या घराला कुलूप लागावे.

शेवटच्या दिवसांत कवचातले पिलू बाहेरचा आवाज ऐकते. दादा पेटीच्या हवेच्या छिद्राशी तोंड नेऊन त्यांना साद घालत असे. "भाऊजी, आता तुम्ही घाला," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, कवचातल्या पिलाला कोणाचा आवाज काय कळणार?"

"तुमचं आपलं सगळं मोजून मापून! घाला म्हणते ना."

मी ओणवा झालो. "या रे, या, या गं बायांनो." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. अंगणातल्या दोन्ही काळ्या कोंबड्या धावत दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेर थबकल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. कोंबडीचे डोळे बाजूला असतात, ती मान तिरपी करून पाहते, हे मी जाणतो. पण दोघींच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या, माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जागा बदलून, खिडकीशी उभा राहून साद घातली. त्यांच्या माना तशाच वळल्या.

वहिनी बाहेर येत नसत. स्वयंपाकघरातूनच विचारत, "अहो भाऊजी, पेटीतलं पाणी पाहिलंत का?" मी म्हणे, "हो वहिनी." मग कधीतरी त्यातला 'भाऊजी' गळाला. "अहो, पाणी पाहिलंत का?" आपल्या भाषेत दिराला 'अहो' आणि नवऱ्यालाही 'अहो'. कोणाला विचारले, हे वाक्यावरून कळायला मार्ग नाही. मी 'वहिनी' हा शब्द रोज थोडा अधिक जोरात उच्चारू लागलो, खुंटी ठोकावी तसा.

"अहो, न्हाणीघराची कडी पुन्हा सैल झालीय. तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

मला त्यांनी एकदाही सांगितले नव्हते. मी उठून कडी घट्ट केली.

पिले निघण्याच्या दिवशी मी सकाळपासून पेटीपाशी होतो. दुपारपर्यंत पाच निघाली. पाचही काळी, पोटाशी पांढुरकी. एक अंडे गारच राहिले. सातव्याला बारीक तडा गेला आणि काम थांबले. आतले पिलू दमले होते. मी छिद्राशी वाकून साद घातली. आतून क्षीण उत्तर आले. पुन्हा साद, पुन्हा उत्तर. अखेर कवच उकलले. ओले पिलू कोणत्याही रंगाचे दिसते. ते सुकेपर्यंत मी काचेवरून नजर हलवली नाही. हळूहळू लव फुलली. निळसर राख.

"अहो, राखाडी आलं का?" आतून प्रश्न आला.

'हो वहिनी, आलं,' हे उत्तर मी मनात जुळवून ठेवले होते.

"आलं गं," असे शब्द ऐकू आले.

ओठ माझे हलले होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्यापलीकडची हमी मी देणार नाही.

वहिनी पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आल्या. दादा गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. मला पाहताच त्या दचकल्या.

"अगंबाई! भाऊजी, तुम्ही कधी आलात?"

सकाळचा चहा त्यांनीच माझ्या हाती दिला होता.

"यांनी आत्ताच सांगितलं, आलं म्हणून," त्या काचेवर वाकल्या. "बघा, कसं नेमकं उतरलंय! आता पोरीला कळवून टाका, माझं येणं होत नाही म्हणावं. रंग हाती लागला, काम तर आता कुठे सुरू झालंय. यांना एकट्याला टाकून कशी जाऊ?"

बोललो तो मी, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पण ते मला त्याच आवाजात सांगावे लागले असते. मी तोंड मिटून घेतले.

पेटीतले पिलू हाकेसाठी आकांत करू लागले.

"अहो, बोला ना त्याच्याशी," वहिनी म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून वर गेली होती. मी मागे वळून पाहिले नाही.