भिंतीतला पाइप

भोकरदनला घर बांधलं तेव्हा प्रियदर्शनीनं नळाचं सगळं काम राजानंदवर सोपवलं. राजानंद तिचा मावसभाऊ. डीएडची दोन वर्षं रोज सकाळी तिला सायकलवर डबलसीट बसवून स्टँडवर सोडणारा. पाइप तिनं स्वतः आणून दिले आणि निर्धास्तपणे शाळेत शिकवायला गेली. ती परत येईपर्यंत भिंतीला गिलावा झालेला होता.

वर्षभरात न्हाणीघराची भिंत ओलावली. राजानंद तीनदा येऊन गेला. "नवी भिंत हाय, सुकंल हळूहळू," म्हणायचा, पांढरं सिमेंट फासायचा, चहा घेऊन जायचा. चौथ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही.

मग तिनं स्वतःच शिकायचं ठरवलं. हार्डवेअरचे दुकानदार तातेराव आधी हसले, मग काउंटरवरच एक नळ खोलून बसले. "टेप आट्याच्या दिशेनं गुंडाळायची, मॅडम. उलटी गुंडाळली की नळ बसवताना सुटून येती."

स्वयंपाकघरातला गळका नळ तिसऱ्या खेपेला थांबला. पुढची युक्तीही तातेरावांचीच. सगळे नळ बंद करून तिनं टाकीत पाण्याच्या पातळीला खूण केली. सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराकडचा कॉकही बंद ठेवला, तर पाणी खुणेवरच.

रविवारी तिनं छिन्नी-हातोडी घेतली. टाइल निघाली, सिमेंट पडलं. आत तिनं आणलेला पांढरा पाइप नव्हताच. गंजलेला लोखंडी पाइप होता आणि त्यावर गुलाबी ऑइलपेंट. दहावीच्या सुट्टीत, भीमजयंतीआधी मावशीचं घर रंगवलं, तेव्हा उरलासुरला डबा तिनंच तिथल्या न्हाणीतल्या या पाइपावर संपवला होता.

तिनं फोटो पाठवला. तासाभरात राजानंद अवजारांची पिशवी घेऊन दारात.

"आमच्याबी न्हाणीचं काम निघाल्तं तवा," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "तुझे पाइप तिकडं लावले. हा जुना असला तरी चांगला होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"भिंतीत गेल्यावर तुला काय कळणार, असं वाटलं." त्यानं पिशवी उघडली. "सरक, बराबर करून देतो."

"नको. मी करते."

"तुला जमणार न्हाई, प्रिया."

"तुम्ही जा."

लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करायची. ते 'तुम्ही' ऐकून त्यानं पिशवी उचलली.

दुपारी मावशीचा, कांताबाईंचा फोन आला. "एवढ्यासाठी भावाला दारातून परत लावलंस? मी तवाच म्हणल्ते त्याला, पोरीला इचार म्हणून."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"घरातल्या घरात काय गं."

दोन वर्षं ती त्या घरी सणावाराला जात होती, तिच्याच पाइपांवरच्या नळाखाली हात धूत होती. तिच्या भिंतीला पाणी का सुटतंय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे तिला जेवायला वाढत होते. तिनं फोन ठेवला.

तातेरावांकडून तिनं नवा पाइप आणि जोड चिकटवायचं सोल्युशन आणलं. पहिला जोड गळला. तो कापून तिनं दुसरा लावला, त्यांनी सांगितलं होतं तितका वेळ हातात घट्ट धरून ठेवला आणि संध्याकाळी कॉक उघडला. बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं.

टाइल मात्र तिनं महिनाभर बसवली नाही. रोज सकाळी आंघोळीआधी ती त्या जोडावर हात फिरवून बघायची.