मिठाचा उतार

दादाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा घरात पंखा लागत होता. आता स्वेटर निघाले होते. फोन मी सहसा उचलत नाही, म्हणून दादा कामाचं पत्रानेच कळवतो. ते पत्र टेबलावर शब्दकोशाखाली पडून होतं. एखादा शब्द अडला तरी मी आठवेल त्या अर्थावर भागवत होतो, शब्दकोश उचलत नव्हतो.

"माझं शेवटचं पुस्तक छापायला चाललंय," दादाने लिहिलं होतं. "मुखपृष्ठावर बर्फाचा उतार घ्यायचा ठरलाय. निगेटिव्ह तुझ्याकडेच राहिली असणार, ती पाठव. सोबत फोटोखालच्या ओळी आहेत. नेहमीप्रमाणे शुद्धलेखन बघून घे."

आणि मी नेहमीप्रमाणे आधी शुद्धलेखनच बघितलं. नोकरीभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दादाची सगळी पुस्तकं माझ्याच नजरेखालून गेली. हात सवयीने चालतो. दोन वेलांट्या दुरुस्त करून झाल्यावर मजकूर डोक्यात शिरला. 'पहाटेच्या अंधारात चढत होतो. बोटं बधिर झाली होती. अचानक ऊन आलं आणि समोर हा उतार उजळला.'

तो उतार मिठाचा होता. माझ्या स्वयंपाकघरातला.

दादा जगभर हिंडला. हिमनद्या, वाळवंटं, स्थलांतर करणारे पक्षी, काही सोडलं नाही. मला गाडीत मळमळतं, आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. मी घरातच फोटो काढायचो. काचेवरची वाफ, पावावरची बुरशी, मोरीतल्या पाइपावरचा गंज. जवळून पाहिलं की गंजातही दऱ्या दिसतात. दादा मला घरकोंबडा म्हणायचा. "आम्ही जंगलात जातो, हा पावाचा डबा उघडतो," असं सांगून चारचौघांना हसवायचा. मीही हसायचो.

एकदाच त्याच्याबरोबर डोंगरात गेलो. तो वर चढला. मी विश्रामगृहाच्या खिडकीवर गोठलेल्या दवाचे फोटो काढत बसलो. परतल्यावर, तिथे न पाहिलेला उतार घरी मांडून पाहिला. काळ्या ट्रेमध्ये जाडं मीठ पसरलं, पोस्टकार्डाच्या कडेने त्याला धार काढली, मागून विजेरी लावली. ही दारात उभी राहून म्हणाली, "सगळी बरणी ओतलीत? मग आज जेवणात काय, फोटो घालू?"

मी काढलेल्यांपैकी एवढा एकच फोटो मला बघवतो. मोठा करून दादाला वाढदिवसाला दिला. त्याने दिवाणखान्यात लावला. पाहुणे विचारायचे, हा कुठला? सुरुवातीला दादा नुसता म्हणायचा, "त्याची मोठी गोष्ट आहे." पुढे हळूहळू ती गोष्टही तयार झाली. तेव्हा मी तिथेच कोपऱ्यात बिस्कीट धरून बसलेला असायचो. पाहुणे गेले की बोलू, असं ठरवायचो. पाहुणे गेले की मीही निघायचो.

आता ही राहिली नाही. मीठ पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी वहिनी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "भावजी, छापखाना अडून बसलाय हो. एका निगेटिव्हसाठी किती आढेवेढे घ्यायचे?"

"वहिनी, तो फोटो मी काढलाय. मिठाचा आहे तो."

"माहीत आहे मला. जाऊबाईंनी सांगितलं होतं."

"आणि दादाला?"

ती पदराने चष्मा पुसत राहिली. "ते मला विचारू नका. गोळी घेतली का, हे त्यांना सांगता येत नाही. पण कोणत्या संपादकाने कधी फोटो परत पाठवले, ते तोंडपाठ! त्या पहाटेचं तर इतक्यांदा सांगतात की ऐकून मलाच हुडहुडी भरते. खोटं म्हणावं, तर सांगताना डोळ्यांत पाणी असतं."

"मग मी काय करू?"

"देऊन टाका. तुमच्या कपाटात पडून काय होणार आहे? तुम्ही काही पुस्तक काढणार नाही."

खरं होतं, म्हणूनच लागलं.

"खाली माझं नाव घालतील?"

"आणि काय, मीठ म्हणून छापायचं? लोक हसतील हो त्यांना. या वयात!"

मला हसत होते तेव्हा माझं कोणतं वय होतं, असं विचारावंसं वाटलं. मी उठून चहा ठेवला.

ती गेल्यावर निगेटिव्हचे डबे काढले. दादाला पाठवायला नव्हे. दादा इतकं ठासून सांगतो आणि मी इतकं चाचरत, की मलाच शंका आली होती. कदाचित तो फोटो त्याचाच असेल, मी फक्त धुऊन दिला असेल. पट्टी खिडकीशी धरली. आधी कोंब फुटलेला कांदा, मग मीठ, पुन्हा मीठ, आणि शेवटी मीठ बरणीत भरणारा हिचा हलून गेलेला हात.

हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. हयातीतलं एकमेव बरं काम आपलंच आहे, हे मला पुरावा बघून पटवून घ्यावं लागलं. दादाने माझं जे घेतलं होतं, ते मी कधी घट्ट धरलंच नव्हतं.

मग कागद घेतला. बरेच फाडले. उरला तो असा:

"दादा, फोटो माझा आहे. घरातल्या मिठाचा आहे. मुखपृष्ठावर घ्यायचा असेल, तर माझं नाव आणि मीठ, दोन्ही छापावं लागेल. नाहीतर दुसरा घे. तू खरे उतार चढलायस, तुझ्याकडे पुष्कळ असतील. निगेटिव्ह पाठवत नाही."

दादा खरोखर विसरला असेल, तर धाकट्याला म्हातारपणी मत्सर वाटायला लागला म्हणेल. विसरला नसेल, तर तोंड बघणार नाही. दोन्हीकडून वाईट मीच. वहिनी आता या घरी यायची नाही. सगळं दिसत होतं, तरी तिकीट लावलं, आणि विचार बदलायच्या आत चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आलो.