एकवीस निऱ्या

१९३८ साली मुरबाडच्या रंभाच्या डोक्यात कापडाच्या घड्यांशिवाय दुसरे काही शिरत नव्हते. शहापुरात मुलींच्या एका शाळेत शिवणाची बाई नेमायची होती. रंभा सातवी पास. शिवाय जयराम शिंप्याच्या ओटीवर बसून सगळ्या घड्यांची नावे शिकलेली. एका अंगाला कललेली ती साधी प्लेट, दोन घड्या पाठीला पाठ लावून बसल्या की बॉक्स प्लेट, तोंडाला तोंड लावले की उलटी बॉक्स प्लेट, आणि दोरा ओढून गोळा केल्या त्या चुण्या. हे ज्ञान ती स्वतःपाशी ठेवती तर बरे होते. पण विहिरीवर जाऊन ती प्रत्येकीच्या लुगड्याची परीक्षा घेई. शेजारच्या बाईजाच्या निऱ्यांना तिने चुण्या म्हटले, तेव्हा बाईजा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

आई धोंडीबाईने निक्षून सांगितले होते : नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर मार्गशीर्षात लग्न. डोळखांबचे स्थळ पाहून ठेवलेले होते. मुलात खोट काढावी असे काही नव्हते, पण रंभाला शिवणाची बाईच व्हायचे होते.

मुलाखतीला जायचे तर मास्तरीण दिसायला हवे. मास्तरणी पाचवारी गोल नेसतात, हे तिने एकदा कल्याणला पाहिले होते. घरात पाचवारी कुठली असायला? मग आईचे नऊवारीच तिने गोल नेसले. उरलेले चार वार निऱ्यांत कोंबले.

"अगो, पोटावर भाताचा भारा बांधलास का?" आई म्हणाली. "कासोटा घाल नि जा."

रंभाने निऱ्या आणखी आत खोचल्या. आईला मास्तरणींचे काय कळणार, असे तिला वाटले. ही अक्कल तिला सतराव्या वर्षीच आली होती. पुढे वयाबरोबर कमी होत गेली.

शहापूरला ठाण्याहून आलेल्या तपासनीस बाईंनी कापडाचे तुकडे पुढे मांडले. रंभाने धडाधड नावे सांगितली. बाई खूश दिसल्या. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली.

"आणि अंगावर आहेत त्या कोणत्या?"

रंभाने खाली पाहिले. मुरबाडपासून बैलगाडीचे धक्के खाऊन निऱ्यांनी जिकडे वाट मिळेल तिकडे तोंड केले होते. साध्या प्लेटा म्हणून मोकळे होता आले असते, पण विहिरीवर मुरलेली खोड जिभेला आवरेना.

"पहिल्या पाच साध्या, बाई. पुढच्या दोघी पाठ फिरवून बसल्यात, ती बॉक्स. तिच्या शेजारी उलटी बॉक्स. कमरेशी चुण्या."

"आणि मधले हे?"

"ती गठडी. सगळ्या निऱ्या मिळून मोजून एकवीस आहेत. नऊवारी आहे बाई, पाचवारी नाय घरात."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू आवरल्यावर विचारले, "मुलींना स्वतःच्या चुका अशाच दाखवाल?"

"दुसऱ्या कुठून आणू?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. सोमवारी कामावर या म्हणाल्या, आणि कासोटा घालून या, हेही म्हणाल्या.

नमस्कारासाठी रंभाने हात जोडले मात्र, गठडी खाली सरकली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, राहिलेला नमस्कार मानेने पुरा केला आणि पाठमोऱ्या पावलांनी दाराबाहेर पडली. शिवणाच्या नव्या बाईंच्या पोटात कळ आली असे समजून शिपाई पाणी आणायला धावला.