रंगाखालची दोन भोकं

मी सायकल बोलतेय. सायकल म्हणजे आत्ता नुसता सांगाडा. चाकं, चेन, सीट काढून एका गोणीत भरून ठेवलंय आणि मला भाईंदरच्या खारी गावात, एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगलंय. माझ्यामुळे एका माणसाची मांडी मोडली. ते सांगितल्याशिवाय खाली रस्त्यावर उतरायला माझं मन धजत नाही.

माझे मालक रघू भोईर. मी त्यांना रघूबाबा म्हणते. त्यांनी मला घेतलं तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते आणि मिठागरावर देखरेखीचं काम करत होते. रोज सकाळी आम्ही दोघं बांधावरून जायचो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे. वाराच खारट. अशा हवेत लोखंड वर्षभरात लाल होतं. पण मी कधी लाल झाले नाही, कारण संध्याकाळी घरी आल्यावर रघूबाबा स्वतःचे पाय धुवायच्या आधी मला पुसायचे. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या, आणि शेवटी तेलाचा बोळा फिरवायचे. लोक त्यांना हसायचे.

पण माणूस बाहेरूनच पुसू शकतो. सीटखाली एक उभी नळी असते, ती खाली पेडलच्या कप्प्याला जोडलेली असते. सीटच्या फटीतून पाणी आत जायचं आणि त्या जोडापाशी साठून राहायचं. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहायचं. मला ते जाणवत होतं. वर्षानुवर्षं जाणवत होतं. मला वाचा असती तरी मी बोलले असते का, कोण जाणे. रोज संध्याकाळी तो बोळा फिरायचा, रंग चमकायचा, आणि कौतुक ऐकायला मलाही आवडायचं.

मिठागर बंद झालं. घराच्या जागी बिल्डिंग आली. रघूबाबा म्हातारे झाले, तरी मला घेऊन गोडदेवच्या नाक्यावर चहाला जातच होते. माझा रंग मात्र आता जागोजागी उडाला होता.

त्यांची सून मनाली. गिरगावात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. सासऱ्यावर तिचा जीव. रघूबाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा तिनंच ठरवलं की सायकल नव्यासारखी करून त्यांना भेट द्यायची. "बाबा, सर्व्हिसिंगला देतेय," असं सांगून ती मला टेम्पोतून औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात घेऊन गेली. तिथे धर्मेशभाई पावडर कोटिंग करायचे.

"ब्रशनं मारलेला रंग दोन वर्षांत पोपडे धरतो, भाभी," धर्मेशभाई म्हणाले. "स्प्रे छान दिसतो, पण पातळ असतो, ओरखडा पडला की खलास. आपलं काम पक्कं. पावडर भट्टीत वितळून लोखंडाला चिकटून बसते."

मनालीनं गडद निळा रंग निवडला. दुसऱ्या दिवशी मला वाळूच्या माऱ्यात उभं केलं. चाळीस वर्षांचे रंगाचे थर निघाले आणि त्या जोडाशी दोन भोकं उघडी पडली. सुईच्या टोकाएवढी. धर्मेशभाईंनी स्क्रूड्रायव्हरनं शेजारी टोचलं, तर पत्रा आत दबला. त्यांनी मनालीला बोलावून घेतलं.

"देखो भाभी, ही नळी आतून खाल्लेली आहे. आधी हा तुकडा कापून नवा बसवायला लागेल. मग कलर."

"किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

"रविवारी वाढदिवस आहे हो! हॉल बुक केलाय. सगळ्यांना बोलावलंय." तिनं बोटानं ती जागा चाचपली. "आत्ता नुसता रंग देता येईल का? भोकं दिसतील?"

"दिखेगा कुछ नहीं. पावडर भरून टाकते. पण चालवायला देऊ नका. शोभेला ठेवा."

"नाही नाही, मी सांगेन त्यांना. नंतर लगेच दुरुस्त करून घेऊ."

मला आकड्याला टांगलं, पावडर उडवली, भट्टीत घातलं. बाहेर आले तेव्हा मी इतकी देखणी दिसत होते की गाळ्यातले कामगार वळून बघायला लागले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी ती दोन भोकं विसरले.

रविवारी हॉलमध्ये माझ्यावरची चादर काढली तेव्हा रघूबाबा पुढे आले. नुसता हात फिरवत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "ही माजीच हाय? गो बाय, तू तर हिचा लगीन लावलास!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मनालीनं सांगायला तोंड उघडलं होतं. मग तीही हसली.

सोमवारी सकाळी तिनं गॅलरीतून पाहिलं, तर ते मला घेऊन गेटबाहेर पडत होते. तिनं कठडा धरला, पण हाक मारली नाही. तिच्या ओठांवर मला वाचता आलं, "आल्यावर सांगते." आम्ही आलो तेव्हा ती ऑफिसला निघून गेली होती. मंगळवारी ते खुशीत होते, नाक्यावर सगळ्यांनी सायकलचं कौतुक केलं होतं. बुधवारी तिनं "बाबा, जरा..." एवढं म्हटलं आणि पुढे "नाश्ता करून जा" असं म्हणून वाक्य संपवलं. रोज ती कठड्याशी यायची, आम्ही परत येईपर्यंत जीव मुठीत धरायची.

गुरुवारी चढावर रघूबाबांनी उभं राहून पेडल मारलं. मी शक्य तेवढं धरलं. नंतर नळी फाटली, पेडलचा कप्पा एका बाजूला गेला, आणि ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर मांडीच्या भारानं पडले. मी त्यांच्या अंगावर पडले.

ऑपरेशन झालं. मांडीत स्टीलची सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, वॉकरनं चालतील, पुढे काठीनं. सायकल विसरा.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रघूबाबा सांगायचे, "माजीच चूक. म्हाताऱ्याला मस्ती आली." मनाली चहाचा ट्रे घेऊन ते ऐकायची. तिचा नवरा नीरज मला भंगारात द्यायला निघाला, तर ती दारात आडवी उभी राहिली. "नको. अजिबात नको." का, ते तिनं सांगितलं नाही. आठवड्याभरात तिचं जेवण सुटलं.

एका दुपारी घरात दोघंच होते. ती त्यांच्या पलंगाशी खाली बसली.

"बाबा, तुमची चूक नव्हती. नळी सडलीय हे मला माहीत होतं. रंगवणाऱ्यानं दाखवलं होतं. चालवू देऊ नका म्हणाला होता. तरी मी रोज गॅलरीतून नुसती बघत राहिले."

रघूबाबांनी पंख्याकडची नजर तिच्याकडे वळवली.

"सायकल मोडली त्याचा काय न्हाय," ते म्हणाले. "लोखंड हाय, मोडतंय. पन चार दिस तू गॅलरीत उभी राहून माना जाताना बगत होतीस. एक हाक न्हाय मारलीस?"

तिनं पलंगाच्या कडेवर कपाळ टेकलं. तिला मी काय बोल लावणार? मी तर चाळीस वर्षं गप्प होते.

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून गॅलरीत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सायकल आन हितं. तो निळा रंग काड."

धर्मेशभाईंना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला होता, पुन्हा कोटिंग करून देतो म्हणून. रघूबाबांनी नको सांगितलं. "त्यांचा काम चांगला हाय. पन आता माना झाकनारा रंग नको. घरी हातानं लावता येईल, खरवडता येईल, असा पायजे."

पावडरचा रंग सहज निघत नाही. सुट्टीच्या दिवशी मनाली हातमोजे घालून, रंग काढायचं औषध लावून, पट्टीनं खरवडत बसायची. तिच्या बोटांना फोड आले. रघूबाबा खुर्चीतून नुसते बघायचे. थांब म्हणाले नाहीत. गोडदेवचे शशिकांत मिस्त्री येऊन मला घेऊन गेले आणि सडलेला भाग कापून नवा तुकडा पितळेनं जोडून आणला. "माज्या टांगेत पन सळई, हिच्यात पन," रघूबाबा म्हणाले. मिस्त्री हसले. मनालीला हसू आलं नाही.

मग आतून पुन्हा गंज धरू नये म्हणून माझ्या नळ्यांत तेल ओतलं. मनालीनं मला उलटंपालटं केलं, तेल कानाकोपऱ्यात फिरवलं, उरलेलं ओघळू दिलं. कप्प्याच्या तळाशी मिस्त्रींनी बारीक भोक पाडून दिलंय, पाणी साठू नये म्हणून. बाहेरचं तेल पुसून, पॉलिश पेपर मारून, लाल प्रायमरचे दोन हात झाले. त्यावर ब्रशनं काळा रंग. ब्रशचे ओघळ दिसतात. जोडाची जागा मात्र रघूबाबांनी रंगवू दिली नाही. तिथे नुसतं पारदर्शक वॉर्निश. पिवळा सांधा उघडा दिसतो. "परत काय झाला तर पयला दिसंल," ते म्हणाले.

तुमच्याही जिन्याखाली माझ्यासारखी कुणी असेल. नवा रंग द्यायच्या आधी तिची सीट उपसा, आत बघा. टिचकी मारून आवाज ऐका. आम्ही बोलत नाही, आणि आम्हाला नटायला आवडतं.

मी चालायला लागले तर मला मनाली चालवणार आहे, असं रघूबाबांनी ठरवलंय. तिला सायकल येत नाही. त्यांनी तिला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. तिनंही विचारलेलं नाही.

आज सकाळी त्यांनी आतून विचारलं, "सुकला काय गो?"

मनाली गॅलरीत आली. तिनं मला बोट लावून पाहिलं, मग नखानं दाबलं. पूर्वीची मनाली असती तर हो म्हणाली असती.

"वरून सुकलाय, बाबा. खाली अजून ओला आहे. दोन दिवस थांबू या."

आत कपबशी वाजली.

"थांबू," रघूबाबा म्हणाले. "ये बाय, चा पी."