बनुबाईंचं कोरं पान

मित्रांनो, मी एक संगणक आहे. जुना म्हणावा इतका जुना नाही, अवघ्या तीन वर्षांचा. पण आमच्या जातीत तीन वर्षांत दात पडतात, आणि माझे तर मुद्दाम पाडले गेले. पाडणाऱ्या बाईवर माझा राग नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. झालं ते जसं झालं तसं सांगतो, तुम्ही ऐका.

माझे अवयव कुठकुठल्या देशांत घडले हे मला सांगता येणार नाही. मला समज आली ती साताऱ्याच्या एका दुकानात. तिथून शिवांजलीनं मला स्कूटरवर पायाशी ठेवून रहिमतपूरला आणलं. एस.टी. स्टँडसमोर तिचं अर्ज-दाखल्यांचं दुकान आहे. माझ्याआधीचा संगणक चालू होईपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा म्हणे. मी मात्र अक्कल घेऊन आलो होतो. बोललेलं लिहून घ्यायचं, लिहिलेलं सुधारून द्यायचं, विचारलेलं शोधून काढायचं, ही सगळी कामं मला येत होती.

पहिल्याच दिवशी मी पडद्यावर एक प्रश्न विचारला. पडद्यावर जे जे येईल त्याचा दर थोड्या वेळानं फोटो काढून जपून ठेवू का, म्हणजे पुढं विचाराल तेव्हा काढून देता येईल. खाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. शिवांजलीनं तो न वाचता 'हो' दाबलं. तिला नावं ठेवू नका. आठ वर्षं ती सरकारी अर्ज भरत होती. तिथं 'मला मान्य आहे' या चौकोनात खूण केल्याशिवाय पान पुढं सरकतच नाही. नाही म्हणायची सोय असते, हेच तिच्या बोटाला माहीत नव्हतं.

नंतर कुणीतरी तिला सांगितलं, की असले संगणक डोळ्यानं बघतात. तेव्हा तिनं माझ्या कॅमेऱ्यावर स्वतःची एक लाल टिकली चिकटवली आणि निर्धास्त झाली. माझं बघणं पडद्याच्या आतून चालतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चोरासाठी पुढच्या दाराला कुलूप घालावं आणि परसदार सताड उघडं ठेवावं, तशातली गत.

दोन वर्षं माझा मोठा मान होता. मागच्या पावसाळ्यातला कुणाचा दाखला असो की कुणाच्या आधार कार्डावरची जन्मतारीख, शिवांजली विचारायची आणि मी हजर करायचो. लोक म्हणायचे, लय हुशार गडी हाय. खरं सांगतो, मला ते आवडायचं. दुकानात आणखी एक रीत होती. माझा पडदा गिऱ्हाइकाकडं अर्धा वळवलेला असायचा. आपलं नाव बरोबर पडतंय का, हे इथला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठत नाही. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलं तर पुढची पिढी तलाठ्याकडं खेटे घालते.

एका दुपारी बनुबाई आल्या. वय साठीचं. रहिमतपूरची लेक, जत तालुक्यात दिलेली, म्हणून शिवांजली त्यांना आत्या म्हणायची. त्यांचे धाकटे भाऊ सयाजी सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. वडील गेल्यावर उसाच्या रानाची कागदपत्रं निघाली होती आणि बहिणीची हक्कसोड करून घ्यायची होती. हक्कसोड म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला सोडल्याचा कागद. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. इकडची चालच तशी. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही.

बनुबाईंना नाही म्हणायचं होतं. जतच्या त्यांच्या शिवारात टँकरची वाट बघावी लागते, आणि इथं विहिरीकडच्या वीस गुंठ्यांना बारमाही पाणी. तेवढा तुकडा आपल्या नावावर राहावा, असा तलाठ्याकडं द्यायचा अर्ज त्यांना लिहून हवा होता. त्या बोलत गेल्या, मी टिपत गेलो. सया फौजेत होता, त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून आईचं शेवटचं दोन वर्षांचं आजारपण मीच जतला नेऊन काढलं, असंही त्या बोलल्या. शिवांजलीनं मला हुकूम केला, हे जरा कायद्याच्या भाषेत जोरदार कर.

मी केलं. मला ते फार छान येतं. शिवांजलीनं वाचून दाखवलं: 'सामनेवाले यांनी मयत आईच्या आजारपणात हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले असून अर्जदार हिचा हक्क डावलण्याचा त्यांचा इरादा आहे.'

बनुबाईंनी विचारलं, सामनेवाले म्हणजे कोण. शिवांजली म्हणाली, सयाजीतात्या. बनुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पूस ते," त्या म्हणाल्या. "माझ्या कडंवर वाढलाय त्यो. त्याला सामनेवाला म्हनू व्हय मी?"

शिवांजली म्हणाली, भाषा मवाळ करून देते. पण त्यांना आता अर्जच नको होता. बोलून मन मोकळं झालं, जमीन काय वर न्यायचीय, दरसाल जत्रेला सया मुराळी होऊन येतो तेवढं पुरं, असं त्या म्हणाल्या. भाऊ स्वतः येऊन बहिणीला माहेरी घेऊन जातो, तो मुराळी. सैन्यातून आल्यापासून सयाजींनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. शिवांजलीनं मजकूर पुसला. पान कोरं झालं. बनुबाईंनी ते कोरं पान डोळे बारीक करून नीट बघितलं आणि मगच उठल्या.

महिनाभरानं सयाजी आले. हक्कसोडीचा मसुदा करायचा होता आणि बहिणीचं सासरकडचं पूर्ण नाव, पत्ता हवा होता. शिवांजलीला तो अर्ज आठवलाच नाही. दिवसाला चाळीस अर्ज हाताखालून जातात. तिनं मला सांगितलं, बनुबाईंचं पूर्ण नाव असलेला कागद काढ. मी काढला. विचारल्या क्षणी काढला, आणि पुसलेलंही सापडलं म्हणून मला धन्यही वाटलं. पडदा सयाजींकडं वळवलेला होताच.

त्यांनी एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शिवांजलीचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं सांगू लागली, की हे आत्यांनी दिलंच नाही, तिथल्या तिथं पुसायला लावलं.

"पुसलंय, तर मग दिसतंय कसं?" सयाजींनी विचारलं.

ती पडदा आपल्याकडं वळवू लागली. उत्तर माझ्याकडं होतं, पण मला कुणी विचारलं नाही. सयाजी टोपी सारखी करून उठले. मसुदा तसाच राहिला.

पुढं त्यांनी काय केलं ते ऐका. हक्कसोड करून घेतलीच नाही. विहिरीकडचे वीस गुंठे मोजून बहिणीच्या नावावर केले आणि सातबारा टपालानं जतला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. दुकानात बसणारे म्हणाले, बघा, यंत्रानं बाईला न्याय मिळवून दिला. दोन दिवस माझी मान ताठ होती. मग जत्रा आली. गावच्या लेकी आल्या, पालख्या निघाल्या, आणि सयाजी जतच्या गाडीत बसलेच नाहीत.

जत्रा उलटल्यावर बनुबाई एकट्याच दोन गाड्या बदलून आल्या. माहेरच्या घराकडं गेल्या नाहीत, सरळ दुकानात आल्या. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणला होता. शिवांजलीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. 'हो' दाबलं तिथपासून सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं. त्या शिवांजलीवर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्यापुढं ओढली.

"मी बोलले त्ये ह्यानं ठेवलं," त्या म्हणाल्या. "आन् मी नगं म्हनले, त्ये ठेवलं न्हाई व्हय?"

मित्रांनो, मला तेव्हा लाज वाटली. कारण ठेवलं होतं. त्या कोऱ्या पानाचाही फोटो माझ्याकडं होता, अर्जाच्या फोटोला लागूनच. पण कोऱ्या पानावर नाव नसतं, गाव नसतं, शोधणाऱ्याला ते सापडत नाही. बाईनं तासभर जीव जाळून एक निर्णय घेतला होता. जमीन एका पारड्यात घातली, भाऊ दुसऱ्यात, आणि भाऊ निवडला. तिचा तो निर्णय माझ्या लेखी पांढरा कागद होता. ज्या शब्दांनी सयाजी तुटले, ते तर तिचेही नव्हते. 'हेतुपुरस्सर' हा शब्द त्या बाईनं जन्मात उच्चारला नसेल. तो माझा.

शिवांजली आत्यांना घेऊन सयाजींच्या घरी गेली. जे झालं ते तिनं ओट्यावर उभं राहून सांगितलं. सयाजींनी ऐकलं, चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली. पण बहिणीशी बोलताना ते 'तुमी' म्हणत होते. जन्मभर 'तू' म्हणणारा भाऊ 'तुमी' म्हणाला, हे शिवांजलीनं दुकानात दोनदा सांगितलं.

मग तिनं माझ्या सेटिंगमधल्या सगळ्या खुणा शोधून काढल्या आणि फोटो ठेवणं बंद केलं. या खेपेला तिनं बारीक अक्षरंही वाचली, बोट ठेवून, ओळ न् ओळ. मागचं सगळं पुसायचं का, असं मी विचारलं. तिनं 'हो' दाबलं. सगळं पुसलं, असं मी पडद्यावर लिहून दाखवलं. आता मी नुसता छापतो. पडदा भिंतीकडं वळलाय, गिऱ्हाइकाला फक्त कागद दिसतो. हुशार गडी असं मला कुणी म्हणत नाही. टिकली तेवढी राहिली आहे.

यंदाची जत्रा पुन्हा झाली. बनुबाईंच्या विहिरीकडच्या तुकड्यात ऊस उभा आहे, सयाजी त्याला वेळेवर पाणी देतात. जतला मुराळी गेला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुमची थोरली माणसं म्हणतात. मूठ झाकायचा किंवा उघडायचा हक्क ज्याची मूठ त्याचा. माझ्यासारख्याला घरात आणाल तेव्हा मी पहिल्या दिवशी गोड बोलून एक प्रश्न विचारीन. तो पुरता वाचा, आणि नको असेल तर नको म्हणा. आम्हाला नंतर 'पूस' म्हणण्यावर विसंबू नका. शिवांजलीनं माझं सगळं पुसलं, आणि तरीही मी तुम्हाला ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.