निकेल राहिलं

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, आणि ही गोष्ट धाकट्या भावाने मनाला लावून घेतली. तो घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे बारीकसारीक काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी येणाऱ्यांना चहा दिला, खुर्च्या मांडल्या, उरलेली औषधं दुकानात परत करून आले.

"ताई, तू दगड आहेस," तो म्हणाला. "आईला मी माझ्याकडे नेतो. तुझ्याजवळ ती कुढत बसेल."

मी तिची बॅग भरायला घेतली. मला खरंच काही वाटत नव्हतं, मग भांडायचं कशाच्या जोरावर? आई जायला नको, एवढं मात्र कळत होतं.

ते दोघं चार दिवसांनी निघणार होते. मी कामावर गेले. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख दिसेल त्या फ्रीजचं तापमान बघत फिरतात, म्हणून त्यांना आम्ही थर्मामीटर म्हणतो. "घरी थांबायचंस अजून," ते म्हणाले. मी म्हटलं, घरी सगळे मलाच बघत बसतात. त्यावर त्यांनी मान हलवली आणि एका फ्रीजकडे वळले.

सोयाबीनच्या बियांमध्ये युरिया फोडणारं एक एन्झाइम असतं. आम्ही ते बियांमधून काढत बसत नाही. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालतो, त्यांच्याकडून एन्झाइम करवून घेतो आणि शुद्ध करून संशोधकांना पाठवतो. हे काम माझ्या हाताखालून इतकं गेलंय की झोपेतसुद्धा करेन, अशी फुशारकी मी नेहमी मारायचे.

चौथ्या दिवशी माझी बॅच निघाली, देखणी. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी जाड आणि बरोबर जागेवर. मग शेवटची चाचणी: युरिया आणि रंग बदलणारा दर्शक असलेल्या पिवळ्या द्रावणात एन्झाइमचा थेंब टाकायचा, ते बघता बघता गुलाबी होतं.

पिवळंच राहिलं. आणखी एक थेंब टाकला, तरी पिवळंच. जुन्या बॅचचा थेंब दुसऱ्या नळीत टाकला, तर ती लगेच गुलाबी झाली.

"प्रथिन तर छान दिसतंय," थर्मामीटर मागून म्हणाले.

"दिसतंय खरं."

मी कपाट उघडलं. निकेलच्या क्षाराची नवी बाटली पुढेच होती. मीच काढून ठेवली होती. तिचं सील शाबूत होतं.

या एन्झाइमला आत निकेल लागतं. जिवाणूंच्या खाद्यात ते घातलं नाही तर एन्झाइम पूर्ण तयार होतं, आकारही बरोबर, वजनही बरोबर. फक्त काम करत नाही.

"तू विसरलीस?" थर्मामीटरनी विचारलं. रागावून नव्हे, तब्येत विचारावी तसं. मग म्हणाले, "ओतून टाकू. उद्या नव्याने लाव."

मी बाहेर जिन्यात येऊन भावाला फोन लावला. तो आणि आई निघायच्या बेतात होते.

"काय?" तो म्हणाला.

"मी निकेल घालायला विसरले."

"म्हणजे?"

"ते नसलं तर सगळं फुकट जातं. नवीन पोरीसुद्धा विसरत नाहीत. मी सगळं केलं, गाळलं, तपासलं, आणि तेच घातलं नाही. मला कळलंसुद्धा नाही रे."

"घड्याळ पूर्ण जोडलं आणि सेलच टाकला नाही, तसं?"

"तसंच."

"तू असं कधी करत नाहीस."

"नाही."

माझा आवाज फाटला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. जिना चढणारी एक बाई माझ्याकडे बघून भिंतीच्या कडेने पुढे गेली.

"ताई, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "आईची बॅग गाडीतून काढतो."

मग डिकी उघडल्याचा आवाज आला.