मानेमागचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. भिंतीवरचा मोठा आरसा तुमच्या ओळखीचा असतो. त्याच्यापुढे तुम्ही भांग पाडता, दात बघता, उगीच हसता. मी तो नव्हे. केस कापून झाल्यावर कारागीर तुमच्या मानेमागे धरतो, तो मी. मोठा आरसा तुम्हाला रोजचाच चेहरा दाखवतो आणि मी जे दाखवतो ते तुम्हाला आपले आपण कधी दिसत नाही. तरी कौतुक सगळे त्याचेच. असो.

माझी काच कुठे घडली ते मला आठवत नाही. लाल दांडी बसवून मला उदगीरच्या बाजारात टांगले होते. तिथून संघपालने मला विकत घेतले आणि संतपूरला आपल्या नव्या दुकानात आणले. संघपालच्या आजोबांच्या काळी वस्तीतली माणसे एकमेकांचेच केस कापत. गावचा न्हावी त्यांच्या डोक्याला हात लावत नसे, कारण सांगायला नको. त्यामुळे नातवाने चौकात केस कापण्याचे दुकान काढले, तेव्हा त्याची आई इंदिराबाई दिवसभर दुकानापुढे खाट टाकून बसल्या होत्या. कोण कोण येते ते त्यांना बघायचे होते. हळूहळू सगळेच आले.

माझे काम शेवटचे. संघपाल मला मागे धरायचा आणि म्हणायचा, "मागचं बघा." गिऱ्हाईक मान जराशी वळवून बघायचे आणि मान हलवायचे. सोयाबीनचा भाव पडलेला असो की घरात भांडण झालेले असो, मला बघून मान हलवली नाही असे गिऱ्हाईक मी पाहिलेले नाही. त्या मान हलवण्यावर मी जगत होतो.

एका वर्षी वळवाच्या वाऱ्याने दुकानाचा पत्रा उचकटला. तो बसवायला संघपाल वर चढला आणि पत्र्यासकट खाली आला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मार बसला. मेंदूचा निरोप त्याच वाटेने पायांकडे जातो आणि पायांचा निरोप त्याच वाटेने परत येतो. ती वाट बंद झाली. कमरेखाली त्याला हालचालही राहिली नाही आणि काही कळणेही राहिले नाही. मोठ्या दवाखान्यातून तो चाकाच्या खुर्चीसह घरी आला. मला कातर-कंगव्यांबरोबर पेटीत घालून फळीवर ठेवले होते.

निघताना दवाखान्यात बरेच काही सांगितले होते म्हणे. एका जागी फार वेळ पडायचे नाही, पाठ रोज तपासायची. पण घाईत सांगितलेले आणि घाबरून ऐकलेले घरापर्यंत कितीसे पोचणार? इंदिराबाईंना मात्र एक उपाय पक्का ठाऊक होता. गल्लीत कोणाचीही कंबर धरली की त्या वीट चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून शेक द्यायच्या आणि माणूस दुसऱ्या दिवशी शेताला जायचा. लेकाला त्यांनी जीव ओतून शेक दिला.

"माय, आनखी गरम कर की," संघपाल म्हणायचा. "काहीच कळंना झालंय."

आणि त्या माउलीने वीट आणखी तापवली.

पेटीत असलो तरी मला सगळे ऐकू येत होते. नंतर ताप आला, घरात वास येऊ लागला. बायको पंचशीला अंथरूण धुऊन धुऊन थकली, पण त्याची पाठ त्याने तिला बघू दिली नाही. आधीच सगळे तिच्यावर पडले होते, त्यात हे कशाला, असे तो म्हणायचा. इकडे मी फळीवर धूळ खात होतो. मला फार राग यायचा. सारे आयुष्य लोकांना मागची बाजू दाखवली आणि गरज पडली तेव्हा मला कोणी हात लावला नाही.

त्याच सुमारास कलबुर्गीहून मल्लेश्वरी नावाची एक संशोधक आली. कण्याला मार बसलेली माणसे दवाखान्यातून घरी आल्यावर जगतात कशी, याचा ती गावोगाव जाऊन अभ्यास करत होती. पंचशीलाने आधी तिला उंबऱ्यातच उभे केले. विचारून जाणारे पुष्कळ झाले होते. मल्लेश्वरीने वाद घातला नाही. ती पायरीवर बसली, पाणी मागून प्याली आणि आतल्या संघपालला तिथूनच एक प्रश्न विचारला.

"तुमची पाठ रोज कोण बघतंय?"

आतून संघपाल म्हणाला, "गिऱ्हाइकाची मागची बाजू मी बघत होतो, अक्का. माझी कोन बघायलंय?" म्हणता म्हणता त्याला मी आठवलो. त्याने पंचशीलाला फळीवरची पेटी काढायला सांगितले.

तिने मला पदराने पुसले. तो कुशीवर वळला आणि तिने मला त्याच्या कमरेमागे धरले. मुठीएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. इंदिराबाई वाकून बघू लागल्या. "म्याच भाजले लेकराला," एवढेच म्हणाल्या.

"तू न्हाई, माय. गरम कर म्हणून मीच म्हनलो."

अशा जखमेने माणसे जातात, हे मल्लेश्वरीने आडपडदा न ठेवता सांगितले आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात हलवायला लावले. मित्रांनो, शेतात सोयाबीन पेरले गेले, वाढले, कापून मळून झाले, तरी संघपाल पालथाच पडून होता. पण रोज सकाळ-संध्याकाळ तो मला मागून घ्यायचा. जखम भरतेय की नाही ते स्वतः बघायचा आणि दात आवळून पुन्हा पालथा व्हायचा. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

जखम भरली तेव्हा त्याने दुकान उघडले. पायरीवर मुरूम टाकून उतार केला. गिऱ्हाइकाची उंच खुर्ची काढून ठेंगणे स्टूल आणले, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून त्याचा हात डोक्याला पुरावा. गुडघे दुखतात म्हणून म्हातारे कुरकुरले, पण आले.

पुढे मल्लेश्वरी पुन्हा आली, ती अडचण घेऊन. राजेश्वर गावचे शरणप्पा तुरीच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून अंथरुणाला खिळले होते. कुणाशी बोलत नव्हते, अंगाला हात लावू देत नव्हते. संघपालने पेटी मांडीवर घेतली आणि तिच्याबरोबर जीपने निघाला.

शरणप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. केस मानेवर आले होते. "कामून आलाव?" ते म्हणाले. "मला काय बी विचारू नका."

"विचारायला न्हाई आलो, अप्पा. केस कापायला आलो."

शरणप्पांनी मानेवरचे केस चाचपले. मल्लेश्वरीने आधार देऊन त्यांना बसवले. संघपालने सावकाश केस कापले. त्यांच्या पत्नी सिद्धव्वांनी भिंतीवरचा आरसा काढून समोर धरला आणि संघपालने मला मानेमागे धरले. मोठ्या आरशाशी माझे वैर तेवढ्यापुरते मिटले.

"मागचं बघा, अप्पा."

शरणप्पांनी बघितले आणि मान हलवली.

"आजून थोडं मागचं राहिलंय," संघपाल म्हणाला. त्याने आधी स्वतःचा सदरा वर करून भाजल्याचा वण दाखवला. शरणप्पा त्या वणाकडे बघत राहिले. मग कुशीवर वळले. मी माकडहाडापाशी गेलो. तिथे एका जागी पडून पडून तळहाताएवढा लाल डाग उठला होता.

"मला कसं कळलं न्हाई?" शरणप्पांनी विचारले.

"कळत न्हाई म्हणूनच बघायचं. लाल झालंय, फुटलं न्हाई. वेळ हाय, अप्पा."

शरणप्पांनी माझी दांडी आपल्या हातात घेतली. संघपालने मला परत मागितले नाही.

आता मी राजेश्वरला त्यांच्या उशाशी असतो. मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी असे कोणी असेल तर जिथे त्याला कळत नाही तिथे शेक देऊ नका. त्याला विचारा, तुमची पाठ आज कोणी बघितली का? लाजू नका आणि त्यालाही लाजू देऊ नका. आज सकाळीही शरणप्पांनी मला कमरेमागे धरले. कुशी बदलत राहिल्याने डाग गेला होता. त्यांनी नीट निरखून बघितले आणि केस कापून झालेल्या गिऱ्हाइकासारखी मान हलवली.